वाद्य मोलाचे, पण काठी कोणती?

लग्नसराईत संध्याकाळच्या वेळी माजिवड्याहून गायमुखाच्या दिशेने निघावे. घोडबंदर रोडच्या दोन्ही अंगांना थोड्याथोड्या अंतरावर एखादा हॉल नाहीतर लॉन लागतो आणि त्याच्या दारात बँडवाले पोशाख चढवून उभे दिसतात. आत ढोकाळी, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा अशा जुन्या गावांत वळावे, तर हळदीच्या मांडवासमोर बेंजो पार्टी रंगलेली असते. रस्त्यालगतच्या उंच इमारतींतील मुले ड्रम शिकतात, शाळांची बँडपथके १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीची तयारी करतात, आणि गणपती जवळ आले की ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. एकाच रस्त्यावर इतक्या तऱ्हेची वाद्ये वाजतात आणि त्यांतील बहुतेक काठीनेच वाजतात.

या धंद्यात आपल्या समाजातील बरीच कुटुंबे आहेत. कोणी बँडमध्ये वाजवितो, कोणी ताशा वाजवितो, कोणी वाद्यांची पाने चढवून देतो, कोणी दुकान चालवितो. त्यांपैकी एखाद्या पार्टीचालकाला विचारा, ढोल केवढ्याला घेतला? तो चटकन सांगेल. झांज कोणत्या धातूची? तेही सांगेल. पण काठी कोणत्या लाकडाची, किती जाडीची आणि तीच का, असे विचारले तर उत्तर येते, "काठी ती काठी, त्यात काय बघायचे?" नुकसान येथेच सुरू होते.

दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावरील एका लॉनबाहेर प्रस्तुत लेखकाने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. वरात दाराशी आली होती. साइड ड्रम वाजविणाऱ्या मुलाची काठी मोडली. दुसरी जोडी बरोबर नव्हती, म्हणून त्याने ढोलाचे जाड टिपरू उचलले आणि त्यानेच ड्रमसोबत स्टँडवर टांगलेली झांजही वाजविली. दहा मिनिटांत झांजेच्या काठाला बोटभर चीर गेली. पुढची संपूर्ण वरात त्या फुटक्या आवाजातच निघाली. यजमानाने ठरलेल्या रकमेतून पैसे कापले, मालकाने ते मुलाच्या मजुरीतून वळते केले, आणि झांज भंगारात गेली ती वेगळीच. मोडलेल्या काठीची किंमत एखाद्या जेवणापेक्षा जास्त नसेल. एवढे रामायण घडले ते तिच्यापायी.

काठी नक्की काय करते, हे आधी समजून घेतले पाहिजे. काठी पानावर पडते तेव्हा ती क्षणभर पानाला चिकटून राहते आणि मग उडते. हा क्षण किती लांब, यावर आवाज ठरतो. जड आणि मऊ तोंडाची काठी जास्त वेळ चिकटते. तेवढ्या वेळात पानातील बारीक, तीक्ष्ण कंप दाबले जातात आणि खोल, घुमणारा आवाज उरतो. हलकी आणि कडक काठी लगेच उडते, म्हणून तडतडीत, उंच आवाज निघतो. म्हणजे काठी बदलली की वाद्य तेच राहूनही आवाज बदलतो. आवाज कमी वाटला की आपली मुले अधिक जोराने मारतात. खरे म्हणजे तेव्हा जोर नव्हे, काठी बदलावयास हवी असते.

एका हातात जड, दुसऱ्या हातात हलकी

ही गोष्ट जुन्या लोकांना पक्की माहीत होती. उस्मानी तुर्कांच्या फौजेपुढे चालणारा मेहतर नावाचा वाद्यवृंद प्रसिद्ध आहे. त्यातील दावूल हा मोठा ढोल उजव्या हातातील जाड, जड काठीने आणि डाव्या हातातील बारीक छडीने वाजविला जातो. एका बाजूने घुमारा, दुसऱ्या बाजूने ठेका. पंजाबी ढोलातही तीच रचना आहे. एका हातात वाकडा, जड डग्गा आणि दुसऱ्या हातात वेताची बारीक तीली. आपल्याकडील हलगीवाल्याच्या हातांकडे पाहा. एक आखूड टिपरू आणि एक लांब, लवचिक काडी. गोंधळ्याच्या संबळाच्या दोन काठ्यांपैकी एकीचे टोक वाकविलेले असते, ते उगीच नव्हे. इस्तंबूलपासून दख्खनपर्यंत वाजविणाऱ्यांनी एकच हिशेब केलेला दिसतो.

अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बादशाही नक्कारखान्याची यादी दिली आहे. दमाम्याच्या सुमारे १८ जोड्या, नक्काऱ्याच्या सुमारे २०, चार दुहुल म्हणजे ढोल, आणि सांज म्हणजे झांजांच्या तीन जोड्या. स्वतः अकबर बादशहाचा नक्काऱ्यावर चांगला हात होता, असेही त्याने नमूद केले आहे. या यादीत चामड्याच्या वाद्यांच्या सुमारे ३८ जोड्या व शिवाय चार ढोल, आणि झांजा फक्त तीन जोड्या आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. धातूचा आवाज थोडा पुरतो आणि दूर जातो. आजकाल एकेका पार्टीत झांजांचाच इतका कल्लोळ असतो की ढोल कोणता तालात आहे तेच कळत नाही. असो.

ढोल आणि ताशा

पूर्वी ढोल-ताशाची पाने चामड्याची असत. पावसाळी हवेत ती सैल पडत, म्हणून ताशे जाळावर शेकून घ्यावे लागत. चामडे एका बाजूने लवचिक असते आणि दुसऱ्या बाजूने हळवे. त्यावर वेताची किंवा बांबूची हलकी काडीच चालते. १९५० च्या दशकात अमेरिकेत पॉलिएस्टरच्या पातळ पत्र्याची पाने बाजारात आली, आणि पुढे आपल्याकडेही ढोल-ताशांवर प्लास्टिकची पाने चढू लागली. त्यांना पावसाची भीती नाही. पण पान बदलले तशी काठीही बदलली पाहिजे, हा विचार फारसा कोणी केला नाही.

प्लास्टिकच्या पानावर टोकदार किंवा फुटक्या तोंडाची काठी पडली की तेथे बारीक खळगा पडतो. वरून तो दिसत नाही. नखाने चाचपले की कळतो. अशा खळग्यांवर ताण असमान होतो आणि एक दिवस पान तेथूनच फाटते. मुले म्हणतात पान खराब निघाले. पान चांगले होते, काठीचे तोंड खराब होते. म्हणून ढोलाच्या टिपऱ्याचे तोंड नेहमी गोल व गुळगुळीत असावे. आठवड्यातून एकदा बारीक पॉलिश पेपरने घासले तरी पुरे. तोंडाचे तुकडे निघू लागले की त्यावर चिकटपट्टी गुंडाळून काम भागविण्याची सवय आहे. पट्टीने आवाज बसतो, शिवाय पट्टीची कड पानाला घासते. त्यापेक्षा ते टिपरू सरळ बाजूला ठेवावे.

लाकूड कोणते? साग दिसावयास देखणा आणि कारागिराला सोयीचा, पण ढोलाच्या टिपऱ्यासाठी तो थोडा हलका पडतो आणि रेषेतून चिरतो. बाभळीचे लाकूड जड आणि चिवट असते. पेरूच्या लाकडाचा पोत बारीक व घट्ट असल्याने त्याचे तोंड लवकर फुटत नाही. मात्र फार जड टिपऱ्याचा मोह टाळावा. तरणाबांड मुलगा पहिला अर्धा तास त्याने दणादण वाजवील, पण दोन तासांच्या मिरवणुकीत मनगट भरून येते आणि मग हात तालातून सुटतो. ज्याच्या हातात टिपरू द्यावयाचे, त्याच्या मनगटाकडे पाहून द्यावे. आता पथकांत मुलीही मोठ्या संख्येने वाजवितात. त्यांना बारीक मुठीची टिपरी लागतात, आणि ती दुकानात मागितली तर बहुधा मिळत नाहीत. हा धंद्याचा एक मोकळा कोपरा आहे.

ताशाच्या काड्यांचे गणित वेगळे. येथे जोर कमी आणि वेग जास्त. काडी पानावरून आपोआप उसळली पाहिजे. वाजविणाऱ्याने ती उचलावयाची नसते, फक्त आवरावयाची असते. वेत भरीव असतो आणि वाकतो, म्हणून तो उसळी चांगली देतो. झिजला की त्याचे धागे निघतात, पण तो सहसा एकदम मोडत नाही. बांबूची काडी वेतापेक्षा कडक, आवाज जास्त टणक. ती फुटते तेव्हा मात्र अणकुचीदार चिरफळ्या निघतात आणि बोटांत जातात. फायबरच्या काड्या टिकाऊ म्हणून खपतात, आणि त्या टिकतातही. पण काठी जेवढी टणक तेवढे पान लवकर झिजते आणि हाताला तेवढे हादरे जास्त बसतात. नवशिक्याला सरावासाठी फायबर द्यावयास हरकत नाही. चामड्याच्या पानावर मात्र ती लावूच नये.

साइड ड्रमच्या काठ्यांवरील आकडे

दुकानात परदेशी पद्धतीच्या काठ्यांवर ७ए, ५ए, ५बी, २बी असे शिक्के असतात. पुष्कळांना वाटते आकडा मोठा म्हणजे काठी जाड. प्रकार नेमका उलटा आहे. साधारणपणे आकडा जसा लहान, तशी काठी जाड. अक्षरांबद्दल असे सांगतात की ए हे ऑर्केस्ट्रासाठी, बी बँडसाठी आणि एस रस्त्यावरील मिरवणुकीसाठी. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, पण ७ए सुमारे १३ ते साडेतेरा मिलिमीटर जाडीची, ५ए चौदाच्या आसपास, ५बी पंधराच्या आणि २बी सोळाच्या आसपास असते. लांबी बहुतेकांची १६ इंचांच्या आगेमागे.

दहा वर्षांच्या मुलाने क्लास लावला असेल तर त्याला ७ए द्यावी. हॉलमध्ये किंवा ऑर्केस्ट्रात वाजविणाऱ्याला ५ए पुरते, आणि काय घ्यावे हे सुचत नसेल तर डोळे मिटून ५ए घ्यावी. उघड्या रस्त्यावर, ब्रास बँडमध्ये ५बी किंवा २बी. शाळेच्या बँडपथकाला रस्त्यावर चालावयाचे असते म्हणून तेथेही जाड काठी लागते. परंतु दुसरी-तिसरीतील मुलांच्या हातात २बी देणे म्हणजे कोवळ्या खांद्यावर गोणी ठेवणे.

लाकडाचे तीन प्रकार येतात. हिकरी हे अमेरिकेतील झाड, अक्रोडाच्या कुळातील. ते हादरे सोसते म्हणून सर्वांत जास्त खपते. मेपल हलके, त्यामुळे त्याच जाडीची काठी हातात हलकी लागते. ओक कठीण आणि भारदस्त, टिकते, पण हाताला हादरा देते आणि मोडते तेव्हा आधी सूचना न देता मोडते. काठीचे टोकही पाहावे. गोल मणी असेल तर काठी कोणत्याही कोनात धरा, आवाज सारखा. पिंपासारखे टोक असेल तर पानाला जास्त जागा लागते, आवाज भरदार. थेंबासारख्या टोकाचा आवाज मऊ. १९५८ मध्ये अमेरिकेतील जो कॅलॅटो या वादकाने नायलॉनचे टोक बसविलेली काठी आणली. लाकडी टोक झांजेवर झिजून त्याचे तुस निघते, नायलॉनचे निघत नाही, आणि झांजेचा आवाज अधिक उजळ होतो. दोष एवढाच की स्वस्त मालात ते टोक ऐन वेळी निसटून पाहुण्यांत जाऊन पडते.

झांजेचा नाजूक कारभार

सर्वांत जास्त पैसा बुडतो तो येथे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

दोन हातांत धरून एकमेकींवर वाजविण्याच्या झांजेला काठी लागत नाही. स्टँडवर टांगलेल्या झांजेला लागते. बाजारात स्वस्त झांज मिळते ती पितळेची, म्हणजे तांबे आणि जस्त. चांगली झांज कांशाची, म्हणजे तांबे आणि कथील. उत्तम झांजेत सुमारे ८० भाग तांबे व २० भाग कथील असते. आपल्या आजीच्या काळातील कांशाच्या थाळ्याही जवळपास याच जातीच्या. थाळा हातातून पडला की किती वेळ गुंजतो, आणि वाईट पडला तर कसा तडकतो, हे घरोघरी ठाऊक आहे. झांजेचेही तसेच. जो धातू जास्त गातो तोच जास्त नाजूक असतो.

इस्तंबूलमधील आवेदिस नावाच्या आर्मेनियन कारागिराला १७ व्या शतकाच्या आरंभी अशा मिश्रधातूचा नेमका मेळ साधला. सुलतानाच्या दरबाराने त्याला आश्रय दिला, आणि १६२३ मध्ये त्याने स्वतःचा कारखाना काढला. तुर्कीत झांजेला झिल म्हणतात, त्यावरून त्या घराण्याचे नाव झिलजियान पडले. १९२९ मध्ये हे घराणे अमेरिकेत कारखाना काढून बसले. आज जगभर वाजणाऱ्या झांजांत त्यांचे नाव आघाडीवर आहे. तुर्कांचे ढोल आणि झांजा युरोपला इतक्या आवडल्या की १७८२ मध्ये मोझार्टने व्हिएन्नात आपल्या संगीतिकेत त्या वापरल्या. चारशे वर्षे एकाच मालावर धंदा टिकविणे सोपे नव्हे.

तर अशा झांजेवर काठी कशी पडावी? काठावर समोरून, काटकोनात, लाकूड तोडल्यासारखी कधीही नको. चीर जाते ती येथूनच. काठीच्या खांद्याने, म्हणजे टोकामागील निमुळत्या भागाने, कडेला तिरका, निसटता फटका द्यावा आणि हात लगेच बाजूला न्यावा. ठेक्यासाठी काठीचे टोक मधल्या पट्ट्यात वाजवावे. झांज स्टँडवर घट्ट आवळू नये. ती डुलली पाहिजे. खाली नमद्याची चकती आणि मध्यभागी रबराची नळी असावी, नाहीतर स्टँडच्या लोखंडाने मधले भोक खाल्ले जाते. ढोलाचे टिपरू झांजेला लावणे तर साफ बंद करावे.

काही वेळा झांजेतून दणका नको असतो, तर हळूहळू चढत जाणारी लाट हवी असते. वधू मांडवात येते तेव्हा, किंवा नाटकात पडदा वर जातो तेव्हा. यासाठी लाकडी काठी कामाची नाही. लोकरीच्या धाग्याने गुंडाळलेल्या गोल तोंडाच्या मऊ काठ्या लागतात. त्या झांजेच्या समोरासमोरच्या कडांवर, घड्याळातील तीन आणि नऊ या जागांवर, आलटूनपालटून हलकेच वाजवाव्यात. नमद्याच्या तोंडाची काठी ही मोठ्या ड्रमसाठी. ती झांजेला लावली तर धातूची कड नमदा कापते आणि आवाजही मेंगळट येतो. पथकात टांगलेला टोल असतो, त्याला मात्र लाकडी हातोडी योग्य. लोखंडी गज लावू नये, टोल पिचतो.

मोठ्या ड्रमची काठी घट्ट नमद्याची, शिवण पक्की असलेली घ्यावी. अगदी मध्यभागी मारले तर आवाज मेल्यासारखा ठप्प येतो. मध्यापासून थोडे बाजूला मारावे, म्हणजे ड्रम बोलतो. पावसात नमदा भिजला की दगड होतो. प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ठेवावयास काही खर्च येत नाही.

विकत घेताना

दुकानदाराच्या काचेच्या टेबलावर काठी ठेवून घरंगळू द्यावी. सरळ असेल तर शांतपणे घरंगळते, वाकडी असेल तर लंगडते. मग जोडीतील दोन्ही काठ्या एकाच जागी हलक्या हाताने आपटून कान द्यावा. सूर वेगळा आला तर वजन किंवा ओल वेगळी आहे. लाकडाची रेषा मुठीपासून टोकापर्यंत सलग गेली पाहिजे. मध्येच तिरकी बाहेर पडत असेल तर काठी तेथेच मोडणार. गाठ असेल तर घेऊ नये. रंग आणि झगमगीत वॉर्निश पाहून तर मुळीच घेऊ नये, कारण रंगाखाली पुष्कळ पापे झाकली जातात. घामट हाताला फार गुळगुळीत वॉर्निश निसटते. मुठीपुरते ते बारीक पेपरने खरडून टाकावे.

आता हिशेब. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, आपले आकडे आपण मांडावेत. समजा, एका छोट्या पार्टीत वर्षाला स्वस्त काठ्यांच्या १२ जोड्या लागतात, जोडी ५० रुपयांना, म्हणजे ६०० रुपये. चार पाने फाटतात, ८०० प्रमाणे ३,२००. आणि ६,००० रुपयांची एक झांज तडकते. एकूण ९,८००. दुसऱ्या पार्टीने ३०० रुपयांच्या सहा जोड्या घेतल्या, १,८००. पाने दोनच गेली, १,६००. झांज तीन वर्षे टिकली, म्हणजे वर्षाला २,०००. एकूण ५,४००. फरक ४,४०० रुपयांचा. पहिला मालक काठीत १,२०० रुपये वाचविल्याच्या समाधानात असतो.

काठीचा छोटा धंदा

घोडबंदर रोडवर गिऱ्हाईक किती प्रकारचे आहे ते वर आलेच. शालेय बँडला बारीक हाताच्या काठ्या, पथकांना टिपरी, बेंजोवाल्यांना ताशाच्या काड्या, क्लासच्या मुलांना ७ए. वाद्यांचे दुकान काढावयास मोठे भांडवल लागते, पण काठ्यांचा साठा एका कपाटात मावतो. सुताराची कातयंत्रावरील कामे करणाऱ्या मुलाने टिपरी कातून दिली, आणि प्रत्येक जोडी वजन करून बांधली, तर माल वेगळा ओळखला जाईल. सोनाराकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा त्यासाठी पुरतो. वजन जुळविलेली जोडी हीच येथे खरी जाहिरात.

लोकरीच्या तोंडाच्या काठ्या तर घरबसल्या करता येतात. साधारण १५ इंच लांब, बोटाएवढी गोल काठी घ्यावी. टोकावर कडक रबरी चेंडूला भोक पाडून तो डिंकाने पक्का बसवावा. त्यावर लोकरीचा धागा आडवातिडवा, एकसारख्या ताणाने गुंडाळावा आणि वरच्या टोकाशी सुईने टाके घालून आवळावा. धागा जास्त गुंडाळला तर काठी मऊ, कमी गुंडाळला तर कडक. विणकाम-शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींना हे काम एका दिवसात जमेल. धागा झिजला की गिऱ्हाईक पुन्हा गुंडाळून घेण्यासाठी येते, म्हणजे विक्रीनंतरही काम सुरू राहते.

कच्च्या मालाबाबत एक सावधगिरी. घोडबंदर रोडला लागूनच येऊरचा डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. तेथे बांबू दिसतो म्हणून तोडून आणणे हा गुन्हा आहे, आणि कोणी आणून स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये. त्याची गरजही उरलेली नाही. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात बदल होऊन बांबू हा 'वृक्ष' या व्याख्येतून वगळण्यात आला. त्यामुळे वनक्षेत्राबाहेर, खासगी जमिनीवर वाढविलेल्या बांबूच्या तोडणी-वाहतुकीवरील पूर्वीची अडचण दूर झाली. शेतकऱ्याकडून किंवा वखारीतून पावती घेऊन बांबू घ्यावा. कोवळा बांबू सुकला की आकसतो, म्हणून पक्का, जून बांबू मागावा आणि सावलीत वाळवावा. उन्हात घाईने वाळविला तर तो उभा चिरतो. वाळल्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला की पावसात ओल कमी धरतो.

कान आणि रात्रीचे दहा

काठीच्या निवडीचा संबंध कानाशीही आहे. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास काम करणे ही सर्वसाधारणपणे मर्यादा मानतात, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती अवघी पंधरा मिनिटे उरते. ताशा आणि झांजेच्या मधोमध उभ्या असलेल्या मुलाला तेवढा आवाज सहज सोसावा लागतो, आणि तोही तासन्तास. रात्री घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, तर तो थकवा नव्हे, इजा आहे. फोमचे कानातील बोळे औषधाच्या दुकानात मिळतात. सरावात तरी एक नंबर बारीक काठी आणि पानावर कापडाची घडी ठेवावी. शेजारपाजारही सुखी राहतो.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर वाद्ये वाजविता येत नाहीत. सणासुदीला राज्य सरकार मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते, तीही वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. यजमान काहीही म्हणोत, दहाला वाजवणे थांबविण्याची अट सुपारी घेतानाच कागदावर लिहून घ्यावी. वाद्य जप्त झाले तर ते यजमानाचे नसते.

शेवटी निघण्याच्या वेळची गोष्ट. मानपाड्याच्या सिग्नलला टेम्पो कोंडीत अडकला, की ठाण्याच्या बाजारातून काठी आणून देणारा कोणी भेटत नाही. म्हणून टेम्पोत एक कापडी पिशवी कायम टांगलेली असावी. तीत साइड ड्रमच्या दोन जादा जोड्या, ताशाच्या सहा काड्या, दोन टिपरी, मोठ्या ड्रमची एक काठी, पॉलिश पेपरचा तुकडा, झांजेखालील नमद्याच्या दोन चकत्या आणि दोन-चार प्लास्टिकच्या पिशव्या ठेवाव्यात. तिच्यावर एका मुलाचे नाव घालावे, आणि परत आल्यावर त्यातले काय कमी झाले ते त्याच रात्री लिहून ठेवावयास सांगावे.